भुवईवरची खूण

१४ जून, शनिवार. सकाळपासून एकच काम हाती घेतलं आहे, जुने फोटो लावायचं. मुलीनं कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम घालून दिला आहे. पेनड्राइव्ह, सीड्या आणि जुन्या मोबाइलमधलं सगळं त्यात ओतलं की तो फोटो तारखेप्रमाणे लावतो, दोनदा आलेले बाजूला काढतो आणि चेहरा दाखवून हे कोण म्हणून विचारतो. काम चोख करतो. नऊ वाजेपर्यंत माझे बंदोबस्त, बदल्या आणि निरोप समारंभ मार्गी लागले. मग त्यानं एक पट्टी दाखवली : सर्व फोटो आपोआप सुधारायचे का? मी 'नाही' दाबलं. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. 'हा प्रश्न पुन्हा विचारू नका' असा एक चौकोन होता, त्यात खूण केली.

या प्रश्नाचं माझं उत्तर वीस वर्षांपूर्वीच ठरलं आहे. माझ्या नोकरीत मोठ्या म्हणाव्यात अशा केसेस बऱ्याच झाल्या, त्या आता तपशिलानं आठवत नाहीत. ही आठवते, कारण हिच्यातली चूक माझी होती. नावं कुणाचीच देत नाही.

दोन हजार चार-पाचचा सुमार. बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होते. गावात नव्या गोष्टी भराभर येत होत्या. एसटीडी बूथवाले मोबाइलची कार्डं विकायला लागले होते. टायपिंग क्लासच्या पाटीवर कॉम्प्युटर आला होता. वीज मात्र दिवसातून दोनदा जायची ती जायचीच.

लहान ठाण्याला स्वतःचा कॅमेरा नसे. मयताचे फोटो काढायला स्टँडसमोरच्या स्टुडिओवाल्याला बोलवायचं, ही पद्धत. रोलच्या काळात याचा फार मनस्ताप होता. रोल पूर्ण संपल्याशिवाय तो धुवायला टाकत नसे. विहिरीतल्या प्रेताचे चार फोटो कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोंच्या मागे आठ-आठ दिवस अडकून पडायचे. त्यामुळे त्यानं डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्याइतकीच मी खूश झाले. चाळिशीचा, नीटनेटका, कामाचा माणूस. एकदा त्यानं मला सगळं दाखवलं. कार्ड लावलं की फोटो तारखेवार आपापल्या खणात जातो, तिथंच त्याची सुधारणा होते, तिथूनच छापला जातो. "मॅडम, आधी अंधाऱ्या खोलीत माझे अर्धे दिवस जायचे," तो म्हणाला. "आता एका खुर्चीत सगळं. चहासुद्धा उठून प्यावा लागत न्हाई."

त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक खण गेलेल्या माणसांचा होता. आमच्याकडे माणूस गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर फोटो लागतो. पुष्कळ घरांत त्या माणसाचा एकही धड फोटो नसतो. कुणी रेशनकार्डावरचा आणतो, कुणी लग्नातल्या घोळक्यातला कोपरा आणतो, आणि काहींजवळ तर तिरडीवर काढलेला एवढाच असतो. त्यातून हा बसता फोटो करून द्यायचा. डाग-व्रण पुसायचे, रंग उजळायचा, बाईमाणूस असेल तर कुंकू लावायचं, मागे निळा पडदा टाकायचा. या सगळ्या पायऱ्या त्यानं एका बटणात बांधून ठेवल्या होत्या. त्या बटणाला तो 'कै.' म्हणायचा. डोळे मिटलेले असतील तर तेवढे मात्र आधी हातानं बसवायचा. त्यासाठी त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांचा वेगळा खण होता, तरण्यांचे, म्हाताऱ्यांचे, बायकांचे, पुरुषांचे, असे लावलेले.

त्या वर्षी होळीच्या आधी कालव्याच्या दारात एका बाईचं प्रेत अडकलं. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं वर्दी दिली. वय पंचविशीचं, अंगावर साधी सुती साडी, गळा-कान मोकळे. पाण्यात फार वेळ गेलेला नव्हता, चेहरा ओळखू येत होता. पंच बोलावून मरणोत्तर पंचनामा केला. हवालदार लिहीत होते आणि मी सांगत होते : डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण, गळ्याभोवती दोऱ्याचा फिकट पट्टा. तो पट्टा मंगळसूत्राचा असणार असं मी गृहीत धरलं. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली. डॉक्टरांनी डोक्याच्या मागच्या बाजूला मार असल्याचं कळवलं आणि व्हिसेरा राखून ठेवला. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं, आणि आधी बाई कोण हे कळायला हवं होतं.

स्टुडिओवाल्यानं जागेवर फोटो काढले. तो निघताना मी त्याला म्हणाले, "पेपरला द्यायचाय, स्टँडवर लावायचाय. लोकांना बघवेल असा करा."

हे वाक्य माझं आहे. पुढचं सगळं त्यातून झालं.

दोन तासांत तो प्रिंट घेऊन आला. गोरी, उघड्या डोळ्यांची, कुंकू लावलेली बाई निळ्या पडद्यापुढे बसली होती. हवालदार म्हणाले, "माझा लग्नातला फोटो यांच्याकडं दिला असता तर बायकोनं एवढं ऐकवलं नसतं." आम्ही हसलो. मी काम छान झालं म्हणाले आणि पन्नास प्रती काढायला सांगितल्या. आमच्या ठाण्याच्या भिंतीवर, स्टँडवर, बाजारात आणि शेजारच्या ठाण्यांत तोच फोटो गेला. केसच्या कागदांनाही तोच लागला.

तिसऱ्या दिवशी एक बाई आली. पन्नाशीची, लिंगायत, घाटनांदूरकडच्या एका खेड्यात किराणा दुकान चालवणारी. नवरा आधीच गेलेला, मुलगी एकुलती एक. दिंद्रुडच्या पलीकडे एका दुकानदाराच्या घरात दिलेली. जावयानं निरोप पाठवला होता की पोरगी कुणाबरोबर तरी पुण्याकडे निघून गेली, आमच्या दारात विचारायला येऊ नका. बाईचा त्यावर विश्वास नव्हता. चार दिवस ती एकेका ठाण्याच्या बाकावर बसून येत होती.

मी तिच्या हातात फोटो दिला. तिनं तो खिडकीकडे नेऊन बराच वेळ पाहिला.

"नाक तिच्यावानी हाय," ती म्हणाली. "पर डोळे न्हाईत तिचे. ही लई गोरी हाय, बाई. ही माझी न्हाई."

तिला सुटल्यासारखं वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. हवालदारांनी जबाब लिहिला, तिनं सही केली. त्या दिवशी एका मंत्र्यांचा दौरा होता, निम्मं ठाणं रस्त्यावर होतं आणि माझा फोन सारखा वाजत होता. तिनं विचारलं, आता गेलं तर साडेतीनची गाडी मिळंल का. मी म्हणाले, मिळेल.

ते डोळे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत हे मला माहीत होतं. तिला शवगृहात न्यायचं, निदान भुवईबद्दल विचारायचं, हे काम माझं होतं. मी ते का केलं नाही याची कारणं वर दिलीच आहेत, ती खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. एक कारण मात्र मला फार नंतर कळलं. तीन दिवस तोच फोटो समोर होता. तेवढ्यात मी स्वतःच खरा चेहरा विसरले होते. फोटोतली बाई हीच ती बाई, असं मीही धरून चालले होते.

शवगृहात बर्फाची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रेत बेवारस म्हणून नगरपालिकेच्या ताब्यात दिलं आणि त्यांनी दहन केलं. पावती कागदांना लागली.

यानंतर दोन-अडीच आठवडे काहीच हाललं नाही. मग एका सकाळी हजेरी चालू असताना स्टुडिओवाला आला आणि दारातच उभा राहिला. मी त्याला आत बसवलं.

आदल्या दिवशी त्याच्याकडे एक तरुण दुकानदार लग्नाचा फोटो घेऊन आला होता. त्याला फोटोत एकटा स्वतः हवा होता. शेजारची नवरी काढून टाकायची, तिथं पडदा दिसला पाहिजे. घरचे स्थळं बघत आहेत, मुलीकडच्यांना दाखवायला फोटो लागतो, असं त्यानं सांगितलं. असली कामं येतात. स्टुडिओवाल्यानं फोटो स्कॅन केला, मोठा केला आणि नवरी पुसायला सुरुवात केली. पदरापासून वर जात तो चेहऱ्याशी आला.

"मॅडम, डाव्या भुवईवर खूण हाय," तो म्हणाला. "मी वळखतो ती. मीच पुसली होती की." मग म्हणाला, "दोनदा पुसायची पाळी आली म्हणून कळलं. एकदा पुसलेली ध्यानात राहिली नसती."

मी मरणोत्तर पंचनामा काढला. भुवईची ओळ तिथं माझ्याच शब्दांत होती. तीन आठवडे ती कपाटात होती आणि आम्ही सगळे भिंतीवरच्या फोटोवर विसंबून होतो.

मूळ फोटो कुठे आहे, विचारलं. तो म्हणाला, कार्ड तर त्याच दिवशी मोकळं केलं, सुधारलेला फोटो जुन्यावरच ठेवला, मूळ गेला असणार. त्याला परत पाठवलं आणि सगळे खण धुंडाळायला सांगितलं. दुपारी त्याचा फोन आला. तो प्रोग्राम मूळ फोटोला हात लावत नव्हता. काय काय बदल केले याची नुसती यादी ठेवत होता, आणि 'मागे' असं एक बटण होतं. त्यानं ते कधी वापरलं नव्हतं. फोटो मागे न्या असं त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

दरम्यान दुकानदाराला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचे कपडे, बोलणं मऊ. बायको निघून गेली तर हरवल्याची तक्रार का दिली नाही, यावर म्हणाला, अब्रूचा प्रश्न होता. कोणत्या दिवशी गेली, कोणती साडी, कोणती गाडी, हे मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा शब्दन् शब्द तेच उत्तर आलं. ज्याच्या घरातून माणूस खरंच निघून गेलं आहे तो अडखळतो, आठवतो, स्वतःलाच दुरुस्त करतो. हा कुठेच अडखळत नव्हता. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. त्यानं मान वळवून शांतपणे पाहिलं.

"ही माझी बायको न्हाई," तो म्हणाला. "सासूबाईंनी बी तुमच्याकडं तसंच लिहून दिलंय."

तो फोटो त्यानं स्टँडवर आधीच पाहिलेला होता, हे मला तेव्हा कळलं. सासूकडून जबाबही कळला होता. आम्ही लावलेल्या फोटोनं त्याला निर्धास्त केलं होतं. बायकोला घालवून तीन आठवडे होत नाहीत तोच तो स्थळाचा फोटो काढायला निघाला, तो त्याच बळावर.

त्याला ठाण्यात बसवून ठेवलं आणि आईला बोलावणं पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती दुपारी एकच्या गाडीनं उतरली. मी तिला स्टुडिओत नेलं. वीज नव्हती. चारला येणार होती. तीन तास आम्ही दोघी दुकानाच्या बाकावर बसून होतो. तिनं फक्त एकदा विचारलं, "कावून बोलावलंय, बाई?" मी म्हणाले, एक फोटो पुन्हा पाहायचा आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही. डब्यातून भाकरी आणली होती, ती सोडली नाही.

चार वाजून गेल्यावर पंखा फिरला. आत पंच उभे केले, तिला खुर्ची दिली. मी स्टुडिओवाल्याला सांगितलं, एकेक पायरी, सावकाश.

पहिल्यांदा निळा पडदा गेला आणि मागे कालव्याचा दगड आला. मग कुंकू गेलं. मग गोरा रंग उतरला आणि सावळा, पाण्यात राहिलेला चेहरा वर आला. बाई पुढे झुकली. पुढच्या पायरीला भुवईवर खूण उमटली आणि गळ्याभोवती तो फिकट पट्टा आला. स्टुडिओवाला थांबला. एक पायरी राहिली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. स्क्रीनवरचे डोळे मिटले.

"तराजूचं पारडं लागलं होतं," ती म्हणाली. "चार वर्सांची होती. दुकानात खेळताना." मग म्हणाली, "गळ्यातलं कुठं हाय तिच्या?"

मला वाटलं ती मंगळसूत्राचं विचारते आहे. ती इष्टलिंगाचं विचारत होती. लिंगायत माणसं चांदीच्या डबीत ठेवून दोऱ्यानं गळ्यात घालतात ते. तो पट्टा त्या दोऱ्याचाही होता. डबी अंगावर असती तर बाई कुठल्या घरातली हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. ज्यानं ती काढली, त्यालाही हे ठाऊक असणार.

त्याच संध्याकाळी दुकानदाराच्या घराची झडती घेतली. मंगळसूत्र मिळालं नाही. ते त्यानं कालव्यात टाकल्याचं नंतर कबूल केलं. डबी मिळाली. ती देवघरात, विभूतीच्या मागे, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलेली होती. डबी पंचांसमोर ठेवली तेव्हा त्याचा मऊपणा गेला. भांडण झालं, ढकललं, उंबऱ्यावर डोकं आपटलं, मग भावाला घेऊन त्याच्या टेम्पोतून कालव्यापर्यंत. सगळं सलग सांगितलं. या वेळी मात्र तो ठिकठिकाणी अडखळला. डबीही पाण्यात का टाकली नाहीस, मी विचारलं. म्हणाला, "ते टाकता येत न्हाई, मॅडम. हातच झाला न्हाई."

बायकोला टाकायला हात झाला होता. अशी माणसं मी पुढेही पाहिली. सगळं मोडणारा माणूसही एखादी गोष्ट पाळतो, आणि बहुतेक वेळा तिथंच सापडतो. तपासाला याचा उपयोग होतो. याहून जास्त त्यात काही शोधू नये.

खुनाचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला. साहेबांनी शाबासकीसाठी नाव पाठवतो म्हणून सांगितलं. मी नको म्हणाले. पुढे त्या दोघा भावांना शिक्षा लागली.

पण त्या संध्याकाळी आई ठाण्यातच बसून होती, आणि एक गोष्ट सांगायची राहिली होती. तिनंच विचारलं, लेक कुठं ठेवली आहे, कधी न्यायची. मी नगरपालिकेची पावती तिच्यापुढे ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. तुम्ही सही करून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, हे मी बोलले नाही. पावतीवर तारीख होती, तिला वाचता येत होतं.

"आमच्यात जाळत न्हाईत," ती म्हणाली. "मातीला देतेत. बसवून. लिंग हातात देऊन."

मी म्हणाले, मावशी, चूक माझी आहे. त्या फोटोतले डोळे तिचे नव्हते हे मला माहीत होतं, तुम्हाला सांगायला हवं होतं. ती रागावली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मी म्हनले होते की डोळे तिचे न्हाईत."

हो, म्हणाली होती. तिचं बरोबर होतं. माणूस जबाब देतो तेव्हा आपल्याला हवा तेवढाच भाग आपण ऐकतो. तिनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या : नाक तिचं आहे, डोळे तिचे नाहीत. दोन्ही अक्षरशः खऱ्या होत्या. आम्ही लिहिलं एवढंच, की ही ती नाही. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी एक नियम पाळला. मयताचा फोटो जसा आहे तसा. बघवत नसेल तर न बघवणारा. आणि साक्षीदार जे म्हणतो ते पूर्ण लिहायचं, आपल्याला त्याचा अर्थ लागो न लागो.

तिनं मग डबी मागितली. म्हणाली, लेक न्हाई तर निदान ते तरी मातीला देते. मी सांगितलं, ती मुद्देमालात जमा झाली, लाखेचं सील लागलं, आता कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही. ती उठली नाही. महिला शिपायांच्या खोलीत तिची झोपायची सोय केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्ट उघडायच्या आधी अर्ज लिहून आवारात उभी होते. सरकारी वकील म्हणाले, केसमधली मुख्य वस्तू आहे, सोडू नका. मी म्हणाले, डबी ठेवा, आतलं द्या. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, आईला दोन प्रश्न विचारले आणि हुकूम केला : डबी मुद्देमालात राहील, लिंगाचा पंचांसमक्ष फोटो काढून ते आईच्या ताब्यात द्यावं.

स्टुडिओवाल्याला बोलावून घेतलं. सील तोडलं. डबी आईनं स्वतः उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर धरलं. त्यानं चार फोटो काढले. मी त्याच्याबरोबर स्टुडिओपर्यंत चालत गेले आणि प्रिंट निघेपर्यंत त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. त्यानं एकाही बटणाला हात लावला नाही. लिंगाच्या एका बाजूला बारीक टवका गेलेला होता. तो फोटोत आला आहे ना, हे मी भिंग लावून पाहिलं, आणि मग मागच्या बाजूला सही केली.